मीटर बदलताना काढलेली छायाचित्रे संगणक कशी तपासतो : इंदूरच्या वीजग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामचंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर आणि जुन्या इंदूरमधील नंदलालपुरा या भागांतील मराठी कुटुंबांनी स्मार्ट मीटर बसवताना वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मीटर बदलीच्या छायाचित्रांची तपासणी हा माझ्या कामाचाच भाग असल्याने यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही हे मी रोज पाहतो. वीजदर, राजकारण किंवा प्रीपेड असावे की नसावे हे विषय येथे घेतलेले नाहीत. जुना मीटर काढून नवा बसेपर्यंतचा वेळ आणि त्या वेळेत होणारी नोंद, एवढाच हा विषय आहे.

मीटर बदलायला आलेला कर्मचारी इतकी छायाचित्रे का काढतो?

मीटर बदलताना तारांइतकेच महत्त्वाचे काम नोंदीचे असते. ग्राहकाचा आयव्हीआरएस क्रमांक (बिलावर छापलेला ग्राहकाचा ओळख क्रमांक), जुन्या मीटरचा क्रमांक, त्याचे शेवटचे रीडिंग, नव्या मीटरचा क्रमांक, त्याचे सुरुवातीचे रीडिंग, सीलचा क्रमांक आणि घराचे ठिकाण या सात बाबी एकमेकींशी अचूक जुळल्या तरच पुढचे बिल बरोबर निघते. यांपैकी एक बाब चुकली, तर मीटर कितीही अचूक असला तरी बिल चुकीचे येते किंवा ते दुसऱ्याच घराच्या नावावर जाते. पूर्वी या बाबी कागदावर लिहून घेत आणि नंतर कार्यालयात कोणीतरी त्या संगणकात भरत असे, त्यामुळे प्रत्येक आकडा दोन वेळा हाताखालून जाई आणि चूक होण्याच्या जागाही दोन असत. छायाचित्र हा त्या क्षणाचा पुरावा असतो आणि तो नंतर पुन्हा पाहता येतो.

इंदूरमध्ये स्मार्ट मीटर बसवण्याचे काम केंद्र सरकारच्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणेच्या योजनेच्या आधीच सुरू झाले होते. या योजनेला २०२१ साली मंजुरी मिळाली. ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांच्या या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठरले. या आकड्याचा अर्थ असा की, दर हजार मीटरांमागे केवळ एका नोंदीत चूक राहिली, तरी अडीच लाख घरांची बिले चुकतील. इतकी छायाचित्रे माणसांनी एकेक करून काळजीपूर्वक पाहणे शक्य नसल्यामुळेच या कामात संगणकाला पाहायला शिकवण्याची गरज निर्माण झाली.

संगणकीय दृष्टी म्हणजे नेमके काय?

ज्याला सर्वजण कॉम्प्युटर व्हिजन म्हणतात, त्यालाच मराठीत संगणकीय दृष्टी म्हणता येईल. संगणकाच्या लेखी छायाचित्र म्हणजे उजेडाच्या कमीअधिक प्रमाणाचे लाखो आकडे असतात. त्या आकड्यांतून ‘येथे मीटर आहे’, ‘येथे पडदा आहे’, ‘पडद्यावर ८१६४ असे लिहिले आहे’ असा अर्थ काढण्याची रीत म्हणजे संगणकीय दृष्टी.

मीटरच्या कामात ही रीत टप्प्याटप्प्याने चालते. छायाचित्र वाचण्याजोगे आहे का, हे सर्वांत आधी पाहिले जाते. हललेल्या छायाचित्रात रेषांच्या कडा पुसट होतात, त्यामुळे कडांचा ठळकपणा मोजून ते धूसर आहे की स्पष्ट, हे फोनलाही क्षणात ठरवता येते. त्यानंतर चौकटीत मीटर कोठे आहे ते शोधले जाते. एकाच नजरेत संपूर्ण चित्रातील वस्तू शोधणारी योलो नावाची पद्धत २०१५ साली मांडली गेली आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या आजही अशा कामांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. मीटर सापडला की पडदा, क्रमांकाची पट्टी आणि सील हे भाग वेगळे कापले जातात. मगच त्यांतील अक्षरे आणि अंक वाचले जातात, आणि वाचलेला क्रमांक त्या दिवशीच्या कामाच्या यादीशी ताडून पाहिला जातो.

माझ्या मते यांतला शेवटचा टप्पा सर्वांत मोलाचा आहे. यंत्राने क्रमांक वाचला, पण तो क्रमांक या घराच्या नोंदीत असायला हवा का, हे विचारले नाही, तर वाचनाचा निम्मा उपयोग वाया जातो. मागील बिलावर ८१३१ रीडिंग असलेल्या मीटरवर आज ८१२० दिसत असेल, तर यंत्राने किंवा माणसाने कोठेतरी चूक केली आहे, कारण सामान्य घरगुती मीटर उलटा फिरत नाही.

मीटरवर बारकोड असतो, मग अंक वाचण्याचा खटाटोप कशासाठी?

बारकोड हा उत्तम आधार आहे आणि जेथे तो आहे तेथे तोच आधी वाचला पाहिजे. बऱ्याच बारकोडांत एक तपासणीचा अंक दडलेला असतो, त्यामुळे रेघ पुसली गेली असेल तर यंत्र चुकीचा क्रमांक देण्याऐवजी सहसा वाचायलाच नकार देते. क्यूआर कोडमध्ये तर काही भाग खरवडला गेला तरी उरलेल्या भागावरून मूळ मजकूर परत उभा करण्याची सोय असते.

तरीही तीन अडचणी राहतात. बारकोडात मीटरचा क्रमांक असतो, रीडिंग नसते. जुन्या मीटरांवरचे बारकोड उन्हाने आणि धुळीने पुसलेले असतात, आणि फार जुन्या मीटरांवर ते मुळातच नसतात. तिसरी अडचण प्रत्यक्ष काम पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. नव्या मीटरचा बारकोड त्याच्या खोक्यावरही असतो, आणि दहा-बारा खोकी एकत्र उघडली गेली की एका मीटरचे खोके दुसऱ्या मीटरशेजारी जाते. घाईत खोक्यावरचा बारकोड वाचला गेला, तर नोंद निर्दोष दिसते आणि मीटर मात्र भलताच असतो. म्हणून मीटरच्या पुढच्या बाजूवर छापलेला क्रमांक छायाचित्रातून वेगळा वाचून बारकोडाशी जुळवणे आवश्यक आहे. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच क्रमांक आला, तर तो निश्चिंतपणे मान्य करता येतो.

जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगला एवढे महत्त्व का?

कारण ते परत घेता येत नाही. नव्या मीटरचा क्रमांक चुकला तर उद्या पुन्हा येऊन पाहता येतो, कारण मीटर भिंतीवरच असतो. जुना मीटर मात्र काढला की गोदामात जातो, तेथे त्याच्यासारखे शेकडो मीटर ढिगात असतात, आणि बहुतेक डिजिटल मीटरांचा पडदा वीज तुटताच बंद होतो. त्या रीडिंगचा पुरावा देऊ शकणारा क्षण एकच असतो आणि तो तार सोडवण्याच्या आधीचा असतो.

एका अंकाच्या चुकीचा परिणाम किती होतो, ते मध्य प्रदेशातील ग्राहकाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अटल गृह ज्योती योजनेत ३० दिवसांच्या हिशेबाने १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घराला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपयेच आकारले जातात. समजा, मागील बिलात रीडिंग ८१३१ होते, मीटर काढताना ते खरोखर ८१६४ होते, आणि नव्या मीटरने महिन्याच्या उरलेल्या दिवसांत ९८ युनिटे नोंदवली. जुन्या मीटरची ३३ आणि नव्याची ९८ मिळून वापर १३१ युनिटे होतो आणि सवलत मिळते. आता ८१६४ ऐवजी ८१८४ असे वाचले गेले, तर जुन्या मीटरची युनिटे ५३ होतात, एकूण वापर १५१ दिसतो आणि त्या महिन्याची सवलत हातची जाते. घरातील एकही दिवा जास्त जळलेला नसतो, फक्त सहाचा आठ झालेला असतो.

सहाचा आठ होण्याला कारणही आहे. डिजिटल मीटरचा प्रत्येक अंक सात छोट्या रेघांनी बनतो आणि सहा व आठ यांच्यात वरच्या उजव्या बाजूच्या एकाच रेघेचा फरक असतो. एलसीडी पडदा खालून किंवा फार तिरका पाहिला, तर बंद असलेल्या रेघाही पुसटशा काळ्या दिसू लागतात. मीटर उंचावर असला आणि कर्मचाऱ्याने हात वर करून खालून फोटो काढला, की हीच परिस्थिती निर्माण होते. छायाचित्र समोरून, पडद्याच्या उंचीवरून काढण्याचा आग्रह धरला जातो तो यासाठी.

चकती फिरणाऱ्या जुन्या मीटरांचा प्रकार वेगळा आहे. त्यांत अंक लिहिलेली चाके असतात आणि एक चाक पुढे सरकत असताना दोन अंक अर्धे-अर्धे दिसतात. उजवीकडच्या चाकाने शून्य ओलांडले नसेल, तर डावीकडचा लहान अंक धरावा, हा नियम अनुभवी रीडरला ठाऊक असतो, पण यंत्राला तो वेगळा शिकवावा लागतो. शेवटचे लाल चाक दशांशाचे असते, आणि ते युनिटांत मोजले गेले तर रीडिंग दहापट होते. अशी दहापट झालेली नोंद मागील बिलाशी तुलना करताच उघडी पडते. एका अंकाची बारीक चूक मात्र सहजासहजी उघडी पडत नाही, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

तपासणी दारातच व्हावी की नंतर कार्यालयात?

दोन्ही ठिकाणी व्हावी, पण एकच निवडायचे असेल तर मी दाराची तपासणी निवडेन, आणि या संपूर्ण माहितीत माझे सर्वांत ठाम मत हेच आहे. कार्यालयात रात्री अत्यंत कुशल यंत्रणेने छायाचित्र तपासले आणि ‘रीडिंग वाचता येत नाही’ असे सांगितले, तर त्याचा ग्राहकाला काहीही उपयोग नसतो, कारण मीटर निघून गेलेला असतो. तीच सूचना कर्मचाऱ्याच्या फोनवर, तार सोडवण्याच्या आधी आली, तर तो काच पुसून दुसरे छायाचित्र काढतो आणि प्रश्न तेथेच मिटतो.

यासाठी वाचन करणारा नमुना (मॉडेल, म्हणजे छायाचित्रे दाखवून शिकवलेला संगणकीय प्रोग्राम) फोनमध्येच चालला पाहिजे. जुन्या वाड्यांच्या जिन्याखाली किंवा इमारतीच्या तळघरात नेटवर्क मिळेलच असे नाही, त्यामुळे प्रत्येक छायाचित्र दूरच्या सर्व्हरवर पाठवून उत्तराची वाट पाहणे व्यवहार्य नसते. कमी गणना करणारे मोबाइलनेटसारखे नमुने २०१७ पासून उपलब्ध आहेत आणि साध्या अँड्रॉइड फोनवरही असे नमुने चालतात. मोठा, अधिक अचूक नमुना सर्व्हरवर ठेवावा आणि नेटवर्क मिळाल्यावर त्याने त्याच छायाचित्रांची दुसरी फेरी करावी.

कर्मचाऱ्याच्या फोनवरील ॲपमध्ये कामाचा क्रमही बांधलेला असावा. जुन्या मीटरचे वाचण्याजोगे छायाचित्र मिळाल्याखेरीज पुढचा टप्पा उघडू नये.

यंत्र किती अचूक असते?

या प्रश्नाचे उत्तर ऐकताना एक बाब नीट समजून घ्यावी. ‘अचूकता ९९ टक्के’ असे सांगितले जाते, तेव्हा ती एका अंकाची की संपूर्ण क्रमांकाची, हे विचारले पाहिजे. एकेक अंक ९९ टक्के वेळा बरोबर वाचला जात असेल, तर आठ अंकी क्रमांक पूर्णपणे बरोबर येण्याचे प्रमाण साधारण ९२ टक्केच उरते. म्हणजे शंभरांपैकी सुमारे आठ क्रमांकांत कोठे ना कोठे चूक असते. बिल संपूर्ण क्रमांकावर आणि संपूर्ण रीडिंगवर निघते, म्हणून मोजमापही संपूर्ण क्रमांकाचेच असले पाहिजे.

दुसरे म्हणजे, यंत्राची परीक्षा आपल्याकडच्या छायाचित्रांवर व्हावी. स्वच्छ प्रयोगशाळेतील मीटरांवर शिकलेला नमुना माळव्यातील उन्हाळ्याच्या धुळीने माखलेल्या काचेसमोर, लोखंडी जाळीच्या आडून किंवा कोळ्याच्या जाळ्यातून पाहताना अडखळतो. दुपारच्या उन्हात पारदर्शक झाकणावर चकाकी येते आणि संध्याकाळी फोनचा फ्लॅश बरोबर पडद्याच्या मध्यभागी उमटतो. बॅच बदलली की मीटरची कंपनी, पडद्याचा आकार आणि क्रमांकाची जागा बदलते. म्हणून नवा प्रकार आला की त्याची छायाचित्रे माणसांनी बघून, खरे आकडे लिहून, नमुन्याला पुन्हा शिकवावी लागतात. हे काम कंटाळवाणे असते आणि त्यात कसूर झाली की पुढचे सगळेच बिघडते.

तिसरे, यंत्राला ‘मला खात्री नाही’ असे सांगता आले पाहिजे. प्रत्येक वाचनासोबत नमुना खात्रीचा एक आकडा देतो. तो ठरावीक मर्यादेच्या खाली असेल, तर अंदाज न करता छायाचित्र माणसाकडे पाठवावे. शंभरांपैकी दहा छायाचित्रे माणसाकडे पाठवणारी आणि उरलेल्या नव्वदांत क्वचितच चुकणारी यंत्रणा मला अधिक विश्वासार्ह वाटते. सर्व शंभर स्वतःच वाचून त्यांतली पाच गुपचूप चुकवणारी यंत्रणा मी स्वीकारणार नाही.

तारा बरोबर जोडल्या आहेत की नाही, हे छायाचित्रावरून कळते का?

काही अंशीच कळते. टर्मिनलचे झाकण उघडे असताना काढलेल्या छायाचित्रात एखादा स्क्रू नसणे, तारेचे उघडे तांबे किंवा ॲल्युमिनियम टर्मिनलच्या बाहेर आलेले असणे, तारेचे काही धागे बाहेर राहिलेले असणे, इन्सुलेशन जळलेले किंवा काळवंडलेले असणे हे दोष यंत्राला ओळखायला शिकवता येतात. झाकण बसवल्यानंतरच्या छायाचित्रात सील आहे का आणि त्यावरचा क्रमांक नोंदीशी जुळतो का, हेही पाहता येते. तारांचे रंग नियमाप्रमाणे वापरलेले असतील, तर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांचा क्रम मीटरवर छापलेल्या आकृतीशी ताडता येतो, पण जुन्या घरांत दोन्ही तारा एकाच रंगाच्या सापडतात आणि तेथे यंत्र काहीही सांगू शकत नाही.

जे दिसत नाही ते अधिक गंभीर असते. स्क्रू किती घट्ट पिळला आहे, हे साध्या छायाचित्रात दिसत नाही. सैल जोडात विद्युत्रोध वाढतो, भार पडला की जोड तापतो, तापून आणखी सैल होतो आणि शेवटी टर्मिनल जळते. यावर खरा उपाय म्हणजे ठरवलेल्या जोरावर थांबणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर. उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने असा जोड ओळखता येतो, मात्र त्यासाठी घरात काही वेळ पुरेसा भार चालू असावा लागतो. नुकत्याच जोडलेल्या, भार नसलेल्या मीटरचे उष्णताचित्र काढून समाधान मानण्यात अर्थ नाही.

सामाईक न्यूट्रलचा दोषही असाच आहे. जुन्या इमारतींत दोन सदनिकांच्या न्यूट्रल तारा भिंतीत कोठेतरी एकत्र जोडलेल्या असतात. स्मार्ट मीटर फेजमधील आणि न्यूट्रलमधील असे दोन्ही प्रवाह मोजतो. दोहोंत फरक आढळला तर तो तशी घटना नोंदवतो आणि मोजणी जास्त असलेल्या प्रवाहावरून करतो. त्यामुळे शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह आपल्या न्यूट्रलमधून गेला तर आपले रीडिंग वाढू शकते. यांत मीटर बिघडलेला नसतो, मिस्त्रीनेही काही चुकीचे केलेले नसते, आणि छायाचित्रे तर निर्दोषच असतात. मीटरने पाठवलेल्या घटनांच्या नोंदी पाहिल्या तरच हा दोष सापडतो आणि तो घराच्या वायरिंगमध्ये दुरुस्त करावा लागतो.

इमारतीत आमचा मीटर शेजाऱ्याच्या नावावर गेला असेल, तर कॅमेऱ्याला ते कळेल का?

नाही, आणि हे मला स्वतःच्या अनुभवाने शिकावे लागले. आमच्या इमारतीत मीटर बदलल्यावर तळमजल्यावरच्या बंद सदनिकेला भरभक्कम बिल येऊ लागले आणि वर राहणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाचे बिल अचानक निम्म्याच्या खाली आले. मी सर्व छायाचित्रे मागवून पाहिली. ती स्पष्ट होती, क्रमांक जुळत होते, सील जागेवर होते. चूक फार आधीची निघाली. कधीतरी भिंतीला चुना देताना पॅनेलवर रंगाने लिहिलेले सदनिकांचे क्रमांक झाकले गेले होते आणि नंतर कोणीतरी ते अंदाजाने पुन्हा लिहिले होते. यंत्राने तो चुकीचा क्रमांक अगदी बरोबर वाचला होता.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला एकच साधी चाचणी करायला सांगतो. मीटर बदलून झाल्यावर कर्मचारी तेथे असतानाच आपल्या घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि आपल्या नावाच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो का, हे पाहावे. नंतर स्विच चालू करून एखादा गीझर किंवा इस्त्री लावावी आणि दिवा पुन्हा वेगाने लुकलुकतो का, हे पाहावे. या चाचणीचा छोटा व्हिडिओ नोंदीसोबत जोडण्याची सोय ॲपमध्ये असली, तर अशा अदलाबदली पहिल्याच दिवशी सापडतील. दिव्याची लुकलुक मोजणे हे संगणकीय दृष्टीला अगदी सोपे काम आहे.

स्मार्ट मीटर वेगाने धावतो, हे छायाचित्रावरून सिद्ध होईल का?

स्थिर छायाचित्रावरून नाही. दिव्याच्या व्हिडिओवरून मात्र ढोबळ अंदाज येतो. मीटरवर एका युनिटाला किती लुकलुकी, हे छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल आणि घरात नेमका १००० वॅटचा भार चालू असेल, तर एका मिनिटात सुमारे ५३ लुकलुकी दिसायला हव्यात. हा प्रयोग मनाच्या समाधानापुरता ठीक आहे, कारण गीझरवर लिहिलेले वॅट आणि त्या वेळचा प्रत्यक्ष भार यांत व्होल्टेजप्रमाणे फरक पडतो.

खरा मार्ग चेक मीटरचा आहे. वीज ग्राहकांच्या अधिकारांचे नियम २०२० साली आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. त्यानुसार रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत अतिरिक्त मीटर बसवायचा असतो आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची असते. २०२४ च्या मे महिन्यात वडोदऱ्यात स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्ध मोठा असंतोष उसळला, तेव्हाही लोकांच्या शंकेवर तुलनेसाठी चेक मीटर बसवण्याचाच मार्ग पुढे आला. शंका घेणाऱ्या ग्राहकाला समजुतीचे शब्द पुरत नाहीत, त्याला शेजारी शेजारी लावलेले दोन मीटर दिसले पाहिजेत.

स्मार्ट मीटरमध्येच कॅमेरा असतो का?

नाही. येथे वर्णन केलेली सर्व छायाचित्रे कर्मचाऱ्याच्या फोनने काढली जातात. मीटर वापराची आणि व्होल्टेजसारखी विद्युत माहिती रेडिओ किंवा मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. त्यात चित्र किंवा आवाज नसतो.

आमच्या घराच्या छायाचित्रांचे पुढे काय होते?

ही काळजी रास्त आहे. मीटर व्हरांड्यात असला तर चौकटीत चपला, देवघराचा कोपरा, खेळणारे मूल, दारावरची नावाची पाटी असे काहीही येते. डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, आणि त्याचे मूळ तत्त्व असे आहे की, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरली जावी. मीटर शोधणारा नमुना फोनमध्येच असेल, तर छायाचित्र पाठवण्याआधी मीटरभोवतीचा भाग कापून टाकता येतो आणि चुकून आलेले चेहरे पुसट करता येतात. हे तंत्र सहज उपलब्ध आहे, त्यामुळे ते न वापरण्यास मला सबळ कारण दिसत नाही. मीटर बदलीसाठी घराच्या आतील छायाचित्रांची गरज नसते. तशी मागणी झाली तर ग्राहकाने कारण विचारावे.

एकच छायाचित्र अनेक घरांसाठी वापरले जाऊ शकते का?

प्रयत्न होऊ शकतो. म्हणून ॲपने फोनच्या गॅलरीतील चित्र न घेता कॅमेऱ्यातून त्याच वेळी काढलेलेच चित्र घ्यावे आणि वेळ व ठिकाण सोबत नोंदवावे. दोन चित्रे जवळजवळ सारखी आहेत का, हे त्यांच्या संक्षिप्त ठशांची (प्रत्येक चित्रावरून काढलेल्या छोट्या आकड्यांची) तुलना करून लाखो चित्रांतही चटकन शोधता येते. दुसऱ्या फोनच्या पडद्याचा फोटो काढला असेल, तर त्यावर बारीक लहरींची जाळी उमटते आणि तीही ओळखता येते.

या तपासणीमुळे वायरमनवर अविश्वास दाखवला जात नाही का?

यंत्रणा कशी वापरली जाते, त्यावर हे अवलंबून आहे. दर मीटरमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला ॲपने तीन वेळा ‘फोटो अस्पष्ट’ म्हणून अडवले आणि कारण सांगितले नाही, तर तो आडवाट शोधणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून सूचना नेमकी असावी : ‘चकाकी आहे, फोन थोडा डावीकडे न्या’, ‘फार खालून काढला आहे’, ‘काच पुसा’. दोन प्रयत्नांनंतरही वाचन जमले नाही, तर त्याला आकडे हाताने भरू द्यावेत आणि ती नोंद छायाचित्रासह माणसाच्या तपासणीला जावी. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फोन देऊन त्याच्याकडून पाच-पाच प्रयत्न करवून घेणे धोक्याचेही आहे, कारण त्याच्या शेजारी चालू वीज असते.

नोंद नीट असली की उद्या ग्राहकाने आरोप केला तरी त्या कर्मचाऱ्याचेही रक्षण होते. ज्या वायरमन बांधवांना हे समजावून सांगितले गेले, ते छायाचित्रे अधिक मन लावून काढतात, असे मी पाहिले आहे.

मीटर बदलण्याच्या दिवशी ग्राहकाने काय करावे?

मागील बिल हाताशी ठेवावे आणि जुन्या मीटरच्या तारा सुटण्याआधी आपल्या स्वतःच्या फोनने एक छायाचित्र काढावे. ते समोरून काढावे, त्यात मीटरचा क्रमांक आणि रीडिंग एकाच चौकटीत यावे. पडद्यावरचे आकडे आलटून पालटून बदलत असतील, तर युनिटांचा आकडा येईपर्यंत थांबावे, कारण व्होल्टेज किंवा तारखेच्या आकड्यालाच रीडिंग समजण्याची चूक यंत्राकडून आणि माणसाकडूनही होते. काच धुळकट असेल तर कोरड्या फडक्याने पुसायला कर्मचाऱ्याला सांगावे, स्वतः हात घालू नये. स्वाक्षरी किंवा ओटीपी देण्याआधी नोंदीतील दोन्ही क्रमांक आणि दोन्ही रीडिंग मोठ्याने वाचून घ्यावीत. घरात केवळ वृद्ध मंडळी असतील, तर शेजारच्या एखाद्या जाणत्या मुलाला त्या वेळी बोलावून ठेवावे.

मुख्य स्विचची चाचणी वर सांगितली आहे, ती विसरू नये. पहिले बिल आल्यावर त्यावर छापलेला मीटर क्रमांक भिंतीवरच्या मीटरशी आणि जुन्या मीटरचे अंतिम रीडिंग आपल्या छायाचित्राशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास १९१२ या क्रमांकावर, वीज कंपनीच्या ऊर्जस ॲपवर किंवा आपल्या झोन कार्यालयात आयव्हीआरएस क्रमांकासह तक्रार नोंदवावी, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि छायाचित्र सोबत द्यावे. ते छायाचित्र व्हॉट्सॲपवरून पाठवताना त्याचा आकार आणि तपशील कमी होतो, म्हणून मूळ प्रत फोनमध्ये किमान पुढची दोन-तीन बिले येईपर्यंत जपून ठेवावी.